मच्छरदाणीच्या जाळीचा उलटा प्रवास

शस्त्रक्रिया ही हाताने करण्याची विद्या असल्यामुळे ती ग्रंथांपेक्षा माणसांबरोबर अधिक प्रवास करते, आणि म्हणून शल्यचिकित्सेच्या इतिहासात कोण कोणाकडे शिकायला गेला या प्रश्नाला एखाद्या शोधाच्या तारखेइतकेच महत्त्व असते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा ओघ व्हिएन्ना, बर्लिन आणि लंडन या शहरांकडे वाहत होता, विसाव्या शतकात तो अमेरिकेकडे वळला, आणि भारतातील सर्जनांच्या कित्येक पिढ्यांनी नावापुढे एफआरसीएस लागावे म्हणून विलायतेची वाट धरली. श्रीमंत देशाने शिकवायचे आणि गरीब देशाने शिकायचे, ही विभागणी कोणी ठराव करून केलेली नव्हती, पण ती पाळली मात्र काटेकोरपणे जात होती. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथे मच्छरदाणीच्या कापडापासून तयार झालेल्या एका स्वस्त जाळीने ती मोडली. ती मोडायला जवळजवळ वीस वर्षे आणि परदेशांतील चाचण्या लागल्या, आणि एवढे होऊनही त्या जाळीची स्थिती आजही काहीशी अधांतरीच आहे.

जांघेतील फट

पोटाच्या भिंतीला जांघेपाशी एक जन्मजात कच्ची जागा असते. गर्भावस्थेत मुलाचे वृषण पोटात तयार होऊन खाली अंडकोशात उतरतात आणि त्यांच्या या वाटेवर स्नायूंच्या थरांमधून जाणारी एक तिरपी नलिका कायमची राहून जाते. वयाने, जुनाट खोकल्याने किंवा ऊतींच्या मूळच्याच अशक्तपणाने ही जागा सैल झाली की तिच्यातून पोटातील चरबी किंवा आतड्याचे वेटोळे बाहेर डोकावू लागते. यालाच हर्निया किंवा जुन्या मराठीत अंतर्गळ म्हणतात. इंग्लंडमधील एका अभ्यासाच्या अंदाजानुसार पुरुषांपैकी सुमारे २७ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३ टक्के जणांना आयुष्यात केव्हा तरी जांघेच्या हर्नियाची शस्त्रक्रिया करावी लागते, आणि जगभरात अशा सुमारे २ कोटी शस्त्रक्रिया दरवर्षी होतात. ओझे उचलल्यामुळे हर्निया होतो की नाही याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत, पण हर्निया झालेल्या हमालाला ओझे उचलता येत नाही याबद्दल कोणाचाच मतभेद नाही. फुगवटा कित्येक वर्षे नुसता त्रास देत राहतो, आणि मग काही जणांत एखाद्या दिवशी आतडे त्या फटीत अडकते, त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जाऊ शकतो. औषधाने हर्निया बरा होत नाही आणि कमरेला बांधायच्या पट्ट्याने तो फक्त झाकला जातो.

आधुनिक उपचाराचा आरंभ इटलीतील पाडुआ येथे एदोआर्दो बास्सिनी याने १८८० च्या दशकात केला. या माणसाचे चरित्र आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीचा नमुनाच आहे. १८६७ मध्ये इटलीच्या एकीकरणासाठी झगडणाऱ्या गॅरिबाल्डीच्या बाजूने लढताना त्याच्या जांघेतच संगीन घुसली होती, आणि त्यातून वाचल्यावर तो व्हिएन्नाला बिलरोट, बर्लिनला लांगनबेक आणि लंडनला लिस्टर या नामवंत सर्जनांकडे जाऊन शिकला. नलिका उघडायची, हर्नियाची पिशवी काढायची आणि स्नायूंचे थर खालच्या अस्थिबंधाला टाक्यांनी शिवून मागची भिंत नव्याने बांधायची, ही त्याची पद्धत जगभर गेली. तिचा दोष एवढाच होता की मुळात दूर असलेल्या कडा ओढून एकत्र शिवल्यामुळे टाक्यांवर ताण राही, रुग्णाला दुखे, आणि काही जणांत ताणलेली शिवण उसवून हर्निया परत येई. अमेरिकेत ह्यूस्टनच्या फ्रान्सिस अशर याने १९५८ मध्ये पॉलिथिलीनची विणलेली जाळी वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि पुढे तो पॉलिप्रॉपिलीनकडे वळला. लॉस एंजेलिसच्या अर्विंग लिक्टेन्स्टाइन याने १९८० च्या दशकात हा विचार टोकाला नेला. कडा ओढायच्याच नाहीत, फटीवर जाळी पसरायची, चार ठिकाणी टाके घालायचे आणि बाकीचे काम शरीरावर सोपवायचे. काही आठवड्यांत शरीरातील तंतुमय ऊती जाळीच्या छिद्रांतून वाढतात आणि जाळीसकट एक नवी भिंत तयार होते. ताणविरहित दुरुस्ती या नावाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली ही पद्धत शिकायला सोपी होती आणि परिणामांत जुन्या पद्धतीपेक्षा सरस ठरली. अडचण होती ती फक्त जाळीच्या किमतीची.

दोंडाईचा

सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे दोंडाईचा हे गाव व्यापारी पेठेचे आणि लाल मिरचीच्या बाजाराचे म्हणून ओळखले जाते. येथे प्रॅक्टिस करणारे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांच्यासमोर १९९० च्या दशकात असे रुग्ण होते की ज्यांना आयात केलेल्या जाळीच्या किमतीत शेतातील हंगामाची मजुरी घालवावी लागली असती. सर्जनला अशा वेळी दोनच वाटा असतात, एक म्हणजे जुन्या ताणाच्या पद्धतीने शिवणे आणि दुसरी म्हणजे रुग्णाला कर्ज काढायला लावणे. टोणगावकरांनी तिसरी वाट काढली. बाजारातील एका प्रकारच्या मच्छरदाणीचे कापड ज्या धाग्याचे विणलेले असते तो पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांच्या सहबहुलकाचा, म्हणजे दोन्ही रसायनांच्या कड्या एकाच साखळीत गुंफून केलेल्या प्लास्टिकचा असतो, आणि शरीराला मानवणाऱ्या वैद्यकीय जाळ्याही याच कुळातील आहेत, हे त्यांनी हेरले.

कल्पना सुचणे आणि ती माणसाच्या शरीरात ठेवण्याचे धाडस करणे यांत मोठे अंतर असते. ते पार करण्यास आधार होता तो जाळीच्या रचनेचा. हर्नियाच्या जाळ्यांचे वर्गीकरण करताना त्यांच्या छिद्रांचा आकार निर्णायक मानला जातो, कारण ७५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या छिद्रांतून शरीराच्या संरक्षक पेशी, रक्तवाहिन्या आणि तंतू सहज आत जातात, तर फार बारीक छिद्रांत जंतू दडून बसतात आणि त्यांच्यापर्यंत या पेशी पोहोचू शकत नाहीत. मच्छरदाणीची छिद्रे डासाला अडवण्याइतकी लहान असली तरी या मर्यादेच्या दसपटीहून मोठी असतात, आणि धागा बारीक असल्याने शरीरात राहणाऱ्या परक्या पदार्थाचे वजनही कमी भरते. कमी वजनाची आणि मोठ्या छिद्रांची जाळी असावी, हा विचार श्रीमंत देशांतील उत्पादकांनीही पुढे उचलून धरला. मच्छरदाणीच्या विणकरांनी तो अर्थातच दुसऱ्याच कारणासाठी आधीपासून अमलात आणला होता.

कापड मात्र पारखून घ्यावे लागते. कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी वापरता येत नाही, सुती किंवा कोणत्याही धाग्याची चालत नाही. निवडलेले कापड धुऊन, ठरावीक मापाचे तुकडे कापून, वेष्टनात गुंडाळून निर्जंतुक केले जाते, आणि येथेच सर्वांत नाजूक भाग येतो. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र, सामान्यतः दोन तापमानांना चालवतात. १२१ अंश सेल्सिअसला वेळ अधिक लागतो, १३४ अंशांना काम लवकर उरकते. धातूच्या चिमट्यांना दोन्ही सारखेच. पॉलिथिलीनचा धागा मात्र १३४ अंशांना आकसतो आणि त्याची ताकद जाते. त्यामुळे जिथे घाईघाईत सगळे ड्रम एकाच वेळी यंत्रात लोटले जातात तिथे ही स्वस्त जाळी वापरण्याआधी ऑटोक्लेव्ह सांभाळणाऱ्या माणसाला शिकवावे लागते.

टोणगावकर आणि वेगवेगळ्या गावांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून साडेतीनशेहून अधिक हर्नियांच्या दुरुस्तीचा अनुभव २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीमध्ये मांडला. हे सहकार्य शक्य झाले त्यामागे असोसिएशन ऑफ रूरल सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेभोवती १९९० च्या दशकापासून जमलेल्या ग्रामीण सर्जनांचा गोतावळा होता. रक्तपेढी दूर, भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनदा येणारा, आणि पोट, हाड, प्रसूती, मूतखडा असे सगळेच एका टेबलावर, अशा परिस्थितीत काम करणाऱ्यांना मोठ्या शहरांतील परिषदांत ऐकलेले फारसे लागू पडत नव्हते. त्यांनी आपसांत बोलायला सुरुवात केली.

ओटीत

तालुक्याच्या गावातील शस्त्रक्रियागृहाला सगळेजण ओटीच म्हणतात. सकाळच्या यादीत हर्निया बहुधा पहिला किंवा दुसरा असतो, कारण तो स्वच्छ शस्त्रक्रियांत मोडतो आणि पू किंवा आतड्याच्या केसेस त्याच्या आधी घेऊ नयेत असा शिरस्ता आहे. वॉर्डातले मामा रुग्णाला ट्रॉलीवर आणतात, सिस्टर ट्रे मांडते. बऱ्याच ठिकाणी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, तर लिक्टेन्स्टाइनच्या मूळ पद्धतीत फक्त जांघेपुरती स्थानिक भूल दिली जाते आणि रुग्ण पूर्ण जागा असतो. जाग्या रुग्णाचा एक उपयोग असा की दुरुस्ती झाल्यावर त्याला टेबलावरच खोकायला सांगून शिवण धरते की नाही हे पाहता येते.

काप पाच-सहा सेंटिमीटरचा असतो. त्वचा आणि चरबीखाली बाहेरच्या तिरक्या स्नायूचा चकचकीत पांढरा कंडरापट लागतो. तो तंतूंच्या दिशेने उघडला की आत शुक्ररज्जू, म्हणजे वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांचा आणि शुक्रवाहिनीचा जुडगा, आणि त्याला चिकटलेली हर्नियाची पिशवी दिसते. पिशवी सोडवून पोटात ढकलायची, जवळून जाणाऱ्या बारीक मज्जातंतूंना टाक्यात किंवा जाळीखाली सापडू द्यायचे नाही, आणि मग जाळी अंथरायची. खालच्या टोकाला ती जघनास्थीवर थोडी पुढे सरकवून शिवावी लागते, कारण हर्निया परत येतो तो पुष्कळदा याच कोपऱ्यातून. वरच्या बाजूला जाळीला चीर देऊन तिच्या दोन शेपट्या शुक्ररज्जूभोवती एकमेकींवर घेतात. शिकणाऱ्याचा हात इथेच अडखळतो, कारण वेढा सैल राहिला तर फट उरते आणि घट्ट झाला तर रक्तपुरवठा दाबला जातो. हे लेख वाचून येत नाही, समोर उभे राहून पाहावे लागते, आणि नंतर कोणी तरी समोर उभे असताना करावे लागते. शस्त्रक्रियेच्या देशांतरातील खरा खर्च विमानाच्या तिकिटाचा नसून या समोर उभे राहण्याच्या वेळाचा आहे.

पुण्याहून लंडनला

मराठी मुलखातून शल्यज्ञान परदेशी जाण्याची ही पहिली वेळ नव्हती. लंडनच्या जंटलमन्स मॅगझिन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आणि चित्र छापले गेले होते. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलहाक्या १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आले. वर्षभराने पुण्याजवळील एका माणसाने, ज्याची जात पत्रलेखकाने विटा घडवणाऱ्यांची सांगितली आहे, कपाळाच्या कातडीचा देठासकट काप खाली वळवून त्याला नवे नाक बसवले, आणि मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज सर्जनांनी ते प्रत्यक्ष पाहिले. कातडीचा देठ न तोडता ती वळवल्यामुळे नव्या जागी रुजेपर्यंत तिचा रक्तपुरवठा चालू राहतो, हे या कौशल्याचे मर्म. जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनाने ते पत्र वाचून प्रेतांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनच्या चेल्सी भागातील रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचे वर्णन छापले. दोनच वर्षांनी जर्मनीत कार्ल फॉन ग्रेफ याने नासिकापुनर्रचनेवर ग्रंथ लिहिला आणि आधुनिक प्लास्टिक सर्जरीची वाट मोकळी झाली. रुग्णाचे नाव, साक्षीदारांची नावे, चित्रकाराचे नाव, सगळे नोंदले गेले. ज्याच्या हाताने नाक बसवले त्याचे मात्र नाही. पत्र छापून येण्यापासून शस्त्रक्रिया होण्यापर्यंत तिथेही वीस वर्षे गेली होती, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे.

टोणगावकरांचे नाव राहिले, कारण त्यांनी आपला अनुभव छापला.

आफ्रिकेतील परीक्षा

इंग्लंडमधील प्लिमथचे सर्जन अँड्र्यू किंग्सनॉर्थ यांनी २००५ मध्ये घानातील ताकोराडी येथे ऑपरेशन हर्निया हा उपक्रम सुरू केला. युरोपातील सर्जनांनी आपल्या रजेत तेथे जाऊन स्थानिक डॉक्टरांबरोबर हर्निया दुरुस्त करायचे, अशी त्याची मांडणी होती. अशा मोहिमांवर रास्त टीकाही होते. आठवड्याभरात पाहुणे परततात आणि महिन्याने जखम चिघळली तर ती बघायला स्थानिक डॉक्टरच उरतो. पण या मोहिमेत एक प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता: पाहुण्यांनी बरोबर आणलेल्या जाळ्या संपल्यावर तेथल्या सर्जनांनी काय वापरायचे? उत्तर शोधताना त्यांची गाठ भारतातील अनुभवाशी पडली. दरम्यान जर्मन आणि बुर्किना फासोच्या सर्जनांनी नायलॉनच्या मच्छरदाणीची व्यापारी जाळीशी तुलना करणारी लहानशी यादृच्छिक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली होती. यादृच्छिक चाचणीत कोणत्या रुग्णाला कोणता उपचार मिळेल हे डॉक्टर ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते, म्हणून निष्कर्षात डॉक्टरच्या आवडीनिवडीची भेसळ होत नाही. त्या चाचणीत मच्छरदाणी उणी ठरली नाही, पण रुग्णसंख्या इतकी थोडी होती की संशय घेणाऱ्याला जागा उरली.

ती जागा बुजवली पूर्व युगांडातील चाचणीने. स्वीडनच्या जेनी ल्योफग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युगांडातील सर्जनांबरोबर ३०२ पुरुषांवर ही चाचणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २०१६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. रुग्णाला आणि नंतर त्याची तपासणी करणाऱ्याला कोणती जाळी बसवली हे ठाऊक नव्हते. वर्षभरानंतर स्वस्त जाळीच्या गटात एका रुग्णाचा हर्निया परत आलेला आढळला आणि व्यापारी जाळीच्या गटात एकाचाही नाही, म्हणजे फरक नगण्य होता. गुंतागुंतीचे प्रमाणही दोन्हींकडे ३० टक्क्यांच्या आसपास आणि त्यातील बहुतेक किरकोळ स्वरूपाची होती. किमतीत मात्र स्वस्त जाळी एका डॉलरची आणि व्यापारी जाळी सुमारे १२५ डॉलरची होती. या आकड्यांइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे वर्षानंतरही बहुतांश रुग्ण तपासणीसाठी गाठले गेले. ग्रामीण भागात टाके निघाल्यावर बरे वाटणारा माणूस मजुरी बुडवून रुग्णालयात परत येत नाही, हे महाराष्ट्रातील कोणताही सर्जन सांगेल, आणि अशा चाचण्या फसतात त्या बहुधा ओटीत नव्हे, तर या पाठपुराव्यात.

दोंडाईचाच्या कल्पनेला वजन आले ते स्वीडनच्या संशोधकांनी युगांडात तपासून अमेरिकेच्या नियतकालिकात छापल्यावर. यात कोणाची लबाडी नाही. तालुक्याच्या गावातील सर्जनाकडे अनुभव असतो, पण चिठ्ठ्या टाकायला, तपासनीस नेमायला आणि वर्षभर रुग्ण शोधत फिरायला लागणारा पैसा आणि माणसे नसतात. भारतातील वैद्यकीय संशोधनाच्या निधीने हा खर्च आधीच उचलला असता तर तीच चाचणी धुळे जिल्ह्यातही होऊ शकली असती, आणि ती झाली नाही याचा दोष स्वीडनला देता येणार नाही.

जाळीच नको

महाराष्ट्रातून या प्रश्नाला आणखी एक उत्तर निघाले आणि ते अगदी उलट टोकाचे होते. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत जाळीच लागत नाही. बाहेरच्या तिरक्या स्नायूच्या त्याच कंडरापटाची एक पट्टी, दोन्ही टोके न तोडता, मागच्या कच्च्या भिंतीवर आणून शिवायची. पट्टी रुग्णाच्याच शरीराची असल्याने परका पदार्थ नाही, आणि स्नायूशी जोडलेली राहिल्याने ती रुग्णाने जोर केला की ताणली जाते. पोलंडमधील तोरून येथील सर्जनांनी २०८ पुरुषांवर या पद्धतीची लिक्टेन्स्टाइन पद्धतीशी तुलना केली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन वर्षांत दोन्ही गटांत हर्निया परत येण्याचे प्रमाण १.९ टक्के असे सारखेच होते. युगांडाच्या कंपाला येथील मुलागो रुग्णालयातही तिची परीक्षा झाली, पण पाठपुरावा अल्प काळाचा होता. ज्याचा कंडरापटच विरलेला आहे अशा वृद्धात ही पट्टी कितपत टिकेल, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला दीर्घ पाठपुराव्याशिवाय उत्तर नाही. तरीही एकाच राज्यातील दोन सर्जनांनी एकाच दुखण्यावर दोन परस्परविरोधी स्वस्त उपाय शोधावेत आणि दोन्ही परदेशांत तपासले जावेत, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी माहीत असायला हवी तितकी नाही.

सुरी कोणाच्या हाती

२०१५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रिया आयोगाने जगातील ५ अब्ज लोकांना सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया वेळेवर मिळत नाही, आणि दरवर्षी आणखी १४ कोटी ३० लाख शस्त्रक्रिया व्हायला हव्यात, असे मांडले. एवढ्या शस्त्रक्रिया करायला सर्जन आणायचे कोठून? सिएरा लिओनमध्ये डॉक्टर नसलेल्या पण खास प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून हर्निया दुरुस्त करवून घेण्यात आले. २३० पुरुषांच्या यादृच्छिक चाचणीत वर्षभरानंतर हर्निया परत येण्याचे प्रमाण त्यांच्या हातून ०.९ टक्के आणि डॉक्टरांच्या हातून ६.९ टक्के आढळले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतात हा निष्कर्ष वैद्यक परिषदेच्या कोणत्याही बैठकीत वाचून दाखवला तर काय होईल याची कल्पना करता येते. तो जसाच्या तसा येथे लागू करावा असे नाही, पण एकच शस्त्रक्रिया पुन्हा पुन्हा करणारा हात पदवीपेक्षा सरस ठरू शकतो, एवढे त्यातून दिसते.

देवाणघेवाणीचा नवा प्रकार यापेक्षाही साधा आहे. बेनिन, घाना, भारत, मेक्सिको, नायजेरिया, रवांडा आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांतील ८१ रुग्णालयांनी मिळून पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलण्याची सवय तपासली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीतील १३,३०१ रुग्णांत जखमेतील जंतुसंसर्ग १८.९ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. प्रश्न या देशांचा, रुग्ण या देशांचे, आणि उत्तर लंडनच्या रुग्णालयालाही उपयोगी.

परवाना

मच्छरदाणीच्या जाळीपुढचा शेवटचा अडसर विज्ञानाचा नाही. शरीरात कायमची बसवायची वस्तू कायद्याने वैद्यकीय उपकरण ठरते, आणि तिच्या प्रत्येक खेपेच्या शुद्धतेची, निर्जंतुकतेची व धाग्याच्या दर्जाची जबाबदारी उत्पादकाने घ्यावी लागते. मच्छरदाणीचा कारखानदार ती कशाला घेईल? त्याच्या गिऱ्हाइकाला डास नको आहेत, आणि उद्या त्याने धाग्याचे मिश्रण बदलले किंवा कापडाला कीटकनाशकाचा थर दिला तर ते सर्जनला कळवण्याचे त्याला कारण नाही. परवाना घ्यायचा तर तपासण्या, स्वच्छ कक्ष आणि कागदपत्रे यांचा खर्च किमतीत चढतो, आणि किंमत चढली की या जाळीचे मुख्य कारणच संपते. उद्या रुग्णाला त्रास झाला आणि प्रकरण ग्राहक न्यायालयात गेले तर आंतरराष्ट्रीय नियतकालिकातील लेख बचावाला पुरेल का, ही धास्ती लहान गावातील सर्जनला असते आणि ती खोटी नाही. दुसरीकडे देशी कंपन्यांच्या पॉलिप्रॉपिलीन जाळ्या आयात जाळ्यांपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळत असल्याने ज्याला परवडते तो सर्जन हा धोका पत्करत नाही.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जांघेच्या हर्नियाविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी साधने अपुरी असलेल्या ठिकाणी स्थानिक भूल, लिक्टेन्स्टाइनची पद्धत आणि स्वस्त जाळी यांची शिफारस केली आहे. शिफारशीला अनुसरून जाळी मागवायची म्हटले तर ती मागवायची कोणाकडून हे मात्र तत्त्वांत नाही. म्हणून आजही ज्या रुग्णालयात ती वापरली जाते तिथे कापड सर्जनला स्वतः पारखून आणावे लागते, सिस्टरला तुकडे कापावे लागतात, आणि ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवरच ठेवायचा ही सूचना कोणत्याही पाकिटावर छापलेली नसते, कारण पाकीटच नसते.